काडी मोडल्याचा आवाज

पंचमीला माहेरी आलेली लेक सण झाला की परत जाते. आमच्या भागात हे इतकं ठरलेलं आहे की त्याबद्दल कुणी बोलत नाही. लिंबाला झोके बांधले जातात, रात्री बायका फेर धरतात, हातावरची मेंदी नारिंगी होते आणि आठवडा संपायच्या आत सासरचं कुणीतरी न्यायला दारात उभं असतं. माझी आत्या १९९२ साली पंचमीला जळकोटला आली आणि राहिली. न्यायला कुणी आलं नाही. तिनंही वाट बघितल्यासारखं केलं नाही. पोळा झाला. महालक्ष्म्या उठल्या. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या शेजारणीनं ढाळजेतच विचारलं, "अजून हाईतच व्हय?" आणि त्या संध्याकाळी आमच्या घराला कळलं की आत्याचं लग्न मोडलंय. नेमकं कधी मोडलं, असा बोट ठेवून दाखवता येईल असा दिवस तिच्या आयुष्यात नव्हता.

पूर्वी काही जातींत पंचांसमोर गवताची काडी मोडून नवरा-बायको एकमेकांपासून मोकळे होत, त्यावरून काडीमोड हा शब्द आला असं सांगतात. हा शब्द माझ्या मनातून कधी गेला नाही. माळवद कोसळतं तेव्हा गल्लीभर धूळ उडते. गाडीचा आस मोडला तर रस्त्यावरची माणसं धावत येतात. काडी मोडते तेव्हा मोडणाऱ्यालासुद्धा धड ऐकू येत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा चार मित्र, एक कॅमेरा आणि एक माइक घेऊन आमच्या जुन्या घरी आला. त्याला एका जोडप्याचा सिनेमा करायचा होता. जोडपं लहान गावातलं, लग्नाला सहा वर्षं झालेलं, आणि त्यांचं हळूहळू संपत चाललेलं. पैसे त्याचे स्वतःचे. चार वर्षं उदगीर, अहमदपूर, मुखेड अशी लग्नांची शूटिंग करून साठवलेले. त्या पैशात आठ दिवसांचं जेवण, दोन दिवे, येण्याजाण्याचा खर्च आणि कॅमेऱ्याची एक भाड्यानं आणलेली लेन्स एवढंच बसत होतं. जागेला भाडं नको म्हणून आमचं घर. नवरा झालेला मुलगा उदगीरच्या एका शाळेत शिकवतो आणि हौशी नाटकांत कामं करतो. बायको झालेली मुलगी लातूरहून एस.टी.नं यायची. दिव्याचा उजेड मऊ करायला पांढरा थर्माकोल, आणि तो धरायला मी.

जळकोट लातूर जिल्ह्यात असलं तरी नांदेडच्या हद्दीला टेकलेलं आहे. बालाघाटच्या चढउतारांवरचं हे गाव. खरिपात सोयाबीन, मग तूर, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी दोन्हीतलं काही नाही. थिएटर इथं कधी महत्त्वाचं नव्हतंच. जत्रेत तंबू लागायचा. पुढं व्हिडिओ आला, आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. अशा गावात कुणी सिनेमा करतो म्हटल्यावर पोरं पहिल्या दिवशी भिंतीवर चढून बघायला आली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी एकही नाही. कारण तीन दिवस एक बाई स्वयंपाकघरात ताटावर ताट झाकून बसली होती आणि एक माणूस उशिरा येऊन जेवत होता.

मला वाटतं, सिनेमाचं खरं बळ तिथंच होतं. भाच्याला लग्नाचा प्रसंग दाखवता येत नव्हता, कारण तेवढी माणसं जमवायला पैसे नव्हते. कोर्ट दाखवता येत नव्हतं. पाऊस पाडता येत नव्हता. गाणं तर नाहीच. मोठा सिनेमा मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगताना ज्या ज्या गोष्टींकडे धावतो, त्या सगळ्या त्याच्या आवाक्याबाहेर होत्या. हातात उरली एक खोली, एक चूल, एक गॅस आणि दोन माणसं. आणि लग्न मोडतं ते तिथंच. मांडवात ते लागतं, कोर्टात त्याची नोंद होते, पण ते मोडतं स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्या मधल्या पाच-सहा पावलांत. गरीब सिनेमाला त्या पाच-सहा पावलांतून बाहेर पडायची सोयच नसते, म्हणून तो तिथं थांबतो. थांबला की त्याला दिसू लागतं.

अमेरिकेत जॉन कॅसाव्हेटिस या दिग्दर्शकानं १९७४ साली 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' केला, तेव्हा त्यानं आपलं घर गहाण टाकलं होतं. नायकाचं काम करणाऱ्या पीटर फॉकनं स्वतःचे पैसे घातले. नायिका जीना रोलंड्स ही कॅसाव्हेटिसची बायको. तिची आई आणि त्याची आई अशा दोघी म्हाताऱ्यांनी सिनेमात कामं केली. सिनेमा पुरा झाल्यावर तो घ्यायला कुणी वितरक तयार नव्हता, तेव्हा या माणसांनी थिएटरवाल्यांना स्वतः फोन केले. त्या सिनेमात एकमेकांवर जीव असलेलं जोडपं आहे आणि तरीही घरात श्वास घ्यायला जागा नाही. त्याच्या वर्षभर आधी स्वीडनमध्ये बर्गमन या दिग्दर्शकानं टेलिव्हिजनसाठी सहा भागांत एका लग्नाची गोष्ट सांगितली होती, तीही बहुतेक वेळ दोन चेहऱ्यांवर कॅमेरा ठेवून. हे दोघं जळकोटपासून फार लांबचे. पण आमच्या घरात भाचा कॅमेरा बायकोच्या मानेमागं लावून गप्प बसला तेव्हा मला त्यांची आठवण झाली.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मणी कौलचा 'उसकी रोटी'. १९६९चा, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर झालेला, मोहन राकेश यांच्या कथेवरचा. मी तो पुण्यात शिकत असताना एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. पंजाबातली एक बाई बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी रोज रस्त्यावर भाकरी घेऊन उभी राहते. त्याचं दुसरीकडं एका बाईशी आहे, हे तिला माहीत आहे. एक दिवस तिला यायला उशीर होतो आणि तो भाकरी न घेताच बस पुढं काढतो. एवढंच. बाहेर पडताना पुष्कळ जण कंटाळल्याचं बोलत होते. मला मात्र आमचा एस.टी. स्टँड दिसत होता. फडक्यात बांधलेली भाकरी कंडक्टरच्या हाती देऊन, "तेवढं पोचवा बापू," म्हणणाऱ्या किती बायका मी तिथं बघितल्या आहेत. ते फडकं परत येतं की नाही, हे मी कधी बघितलं नव्हतं.

लातूर जिल्हा झाला १९८२ साली. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला तोही त्याच वर्षी. आमच्या गल्लीनं तो बघितला मात्र दहा-बारा वर्षांनी, शेजारच्या गुरुजींच्या टीव्हीवर. मी आठवी-नववीत होते. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आहे हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक असायला! आम्हाला दिसत होती स्मिता पाटील. वकील नवरा, मुलगी, भरलेलं घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून लांब नोकरीला गेलेली. ती परत येते, तेव्हा नवरा तिला सांगतो की मधल्या काळात आपल्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. तो ओरडत नाही. गिरीश कर्नाडांनी ते असं केलंय की त्या माणसाचा रागही धड येत नाही. आणि ती घराबाहेर पडते.

टीव्ही बंद झाल्यावर खोलीतल्या बायका एकदम बोलायला लागल्या. लेकरू टाकून गेली, असं एकीचं म्हणणं. नवऱ्यानंच टाकली, असं दुसरीचं. आत्या दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. पण त्या रात्री सगळ्या बायका जाताना तिच्याकडे बघून गेल्या, हे मला स्पष्ट आठवतं. ती सिनेमातली बाई शहरातली, शिकलेली, कामासाठी गेलेली. आत्याला तसं कुठलंही कारण नव्हतं.

गल्लीला कारण हवं होतं. मारतो का? पितो का? सासू छळते का? हुंड्याचं काही राहिलंय का? या चारांतलं एक तरी उत्तर 'हो' असतं तर आत्याला सहानुभूती मिळाली असती. तिनं चारही वेळा मान हलवली. मग "नांदत न्हाई" हे दोन शब्द तिच्या नावाला चिकटले.

या शब्दाकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. बाई नांदते आणि नवरा नांदवतो. तो नांदत नाही असं आपण कधी म्हणत नाही. घर मोडलं की वाक्याचा कर्ता तीच. कोर्टातून येणाऱ्या कागदालासुद्धा आमच्याकडे 'नांदायला येण्याची नोटीस' म्हणतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी नववं कलम आहे. नोटीस नवऱ्यालाही काढता येते आणि बायकोलाही, पण गावात ती बहुतेक वेळा बाईच्याच दारात आलेली मी बघितली. खावटी मागायची म्हटली तर त्या काळात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला ५०० रुपयांच्या वर मिळत नसत. ती मर्यादा कायद्यातून उठली २००१ साली. १९८८मध्ये संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्ता बायकांची परिषद भरवली, निशा शिवूरकरांनी पुढं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात तो सगळा लढा लिहून ठेवला. हे मी फार नंतर वाचलं. वाचताना सारखं वाटत होतं, ही माणसं आमच्या गल्लीत चार वर्षांनी आली असती तर. आमच्या घरातून खावटीसाठी कुणी उदगीरला गेलं नाही. आत्याच नको म्हणाली.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारी आमच्यापासून लांब, तरी जमीन हलली आणि सगळं गाव अंगणात आलं. पुढं कितीतरी रात्री कुणी आत झोपलं नाही. त्या दिवसांत आत्याला कुणी काही विचारलं नाही. तिकडं हजारो माणसं दगडमातीखाली गेली होती. पडलेल्या घरांचे पंचनामे चालले होते. भिंत किती पडली, माळवद किती खचलं, हे कागदावर लिहायला सरकारी माणसं दारोदार हिंडत होती.

आत्याच्या संसाराचा हिशोब झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. सासरहून भांडी परत आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पोत्यांत भरून. माझे वडील आणि तिकडचे एक वडीलधारे गृहस्थ ढाळजेत बसले आणि लग्नातली यादी उघडून एकेक वस्तूवर खूण करू लागले. घागर एक, घंगाळ एक, ताटं बारा, वाट्या चोवीस. प्रत्येक भांड्यावर नवरा-बायकोची नावं घातलेली. लग्नाआधी उदगीरच्या भांड्यांच्या दुकानात मी वडिलांबरोबर गेले होते, ते नावं घालायचं मशीन चालताना जो कर्र कर्र आवाज होतो तो दाढेत जाऊन बसतो. बारीक टिंबांची ती अक्षरं. तांब्यावर आधी त्याचं नाव, मग तिचं, खाली तारीख. यादीत एक परात कमी भरली. दोघंही गप्प झाले. तेव्हा आतून आत्याचा आवाज आला, "असू द्या. ती चिरली होती." त्या घरातलं काय चिरलंय हे माहीत असणारी बाई अजूनही तीच होती.

ती भांडी मोडीत घाला, असं पुष्कळांनी सुचवलं. वडिलांनी विचारलंही. आत्या म्हणाली, पितळेनं काय केलंय? तीस वर्षं आमच्या घरात त्याच घागरीचं पाणी आहे. तिच्यावरची नावं आता घासून घासून पुसट झाली आहेत, पण बोट फिरवलं की लागतात.

भाच्यानं सिनेमासाठी हीच भांडी वापरली. विकत आणायची म्हटली तर पैसे नव्हते, आणि नव्या भांड्यांना तो उजेड येत नाही. आत्यानं हरकत घेतली नाही. ती आता सत्तरीच्या जवळ आलेली. रोज सकाळी आंघोळ करून, पदर नीट घेऊन ती सोप्यात खुर्चीवर येऊन बसायची आणि दिवसभर बघायची.

पाचव्या दिवशी बायकोचा घर सोडण्याचा प्रसंग होता. मुलीनं पत्र्याची पेटी उघडली, साड्या घातल्या, देवळीतला फोटो काढला, परत ठेवला, मग पेटी मिटली. चांगलं करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्या खुर्चीतून म्हणाली,

"असं न्हाई बाई."

सगळे थांबले. भाच्यानं कॅमेरा बंद केला.

"जाणारी बाई पेटी भरत न्हाई. पेटी भरली की सगळ्याला कळतंय. मी काय पेटी घेऊन आल्ते व्हय? पिशवी घेऊन आल्ते. दोन साड्या आन् एक चोळी. पंचमीला जाऊन येते म्हणून."

कुणी काही बोललं नाही. मुलीनं हळूच विचारलं, "आज्जी, तुम्हाला तेव्हा माहीत होतं? परत जायचं नाही म्हणून?"

आत्यानं बराच वेळ घेतला. "पिशवीत कंगवा घातला तवा कळलं," ती म्हणाली. "आठ दिवसासाठी कंगवा कोण नेतंय? माहेरात काय कंगवा नसतोय?"

मग, तीस वर्षांत आमच्यापैकी कुणालाही जे सांगितलं नव्हतं ते तिनं त्या लातूरच्या परक्या मुलीला सांगितलं. "माझा मारत न्हवता. पीत न्हवता. बोलत न्हवता. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. चार वर्षं. आता हे कुणाला सांगावं? बोलत न्हाई म्हणून कुणी घर सोडतंय का?"

प्रसाद ओकचा 'कच्चा लिंबू' मला आवडतो तो याच जागेसाठी. २०१७चा, जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध'वर बेतलेला, कृष्णधवल. मतिमंद मुलाला सांभाळणारे आईबाप, आणि कामाच्या वेळा अशा की एक घरात असला की दुसरा बाहेर. दारातच एकमेकांना मूल सोपवायचं. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव यांच्या चेहऱ्यांवर नुसती दमणूक दिसते. गुन्हेगार कुणी नाही. संसार झिजतोय एवढंच. अशा झिजण्याला गल्लीतल्या चार प्रश्नांत जागा नाही, कायद्याच्या कलमातही ती सहजी सापडत नाही. ती जागा मी फक्त सिनेमात पाहिली आहे, तीही अशाच, थोड्या पैशांच्या, एका-दोन खोल्यांच्या सिनेमात. म्हणून हे सिनेमे व्हावेत असं मला मनापासून वाटतं. उदगीरला व्हावेत, मुखेडला व्हावेत, आणि ते बघायला भिंतीवर चढलेली पोरं तिसऱ्या दिवशीही टिकावीत.

प्रसंग बदलला. मुलीनं खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. दोन साड्या. चोळी. ती दारापर्यंत गेली, परत आली, आरशापुढचा कंगवा उचलला आणि पिशवीत टाकला. एकदाच केलं आणि तेच ठेवलं. तिच्या डोळ्यांत या वेळी पाणी नव्हतं. नवऱ्याचं काम करणाऱ्या मास्तरांना भाच्यानं सांगितलं होतं, तुम्ही फक्त जेवत राहा. ते जेवत राहिले. शेवटी ताटात हात धुतला. आत्या बघत होती, पण त्या मुलीकडं नाही, मास्तरांकडं. त्या नजरेत राग मला दिसला नाही. हा माणूस आता तरी काही बोलेल, अशी ती नजर होती.

आठव्या दिवशी सगळं आवरलं. सामान बांधण्याआधी आवाजाचं काम करणारा पोरगा म्हणाला, "एक मिनिट कुणी हलू नका. रूम टोन घ्यायचाय." रूम टोन म्हणजे त्या खोलीची स्वतःची शांतता. सिनेमा जोडताना दोन वाक्यांच्या मधे ती घालावी लागते, नाहीतर तिथं मेल्यासारखी पोकळी ऐकू येते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एकीची दुसरीला चालत नाही, असं त्यानं सांगितलं. आम्ही जिथं होतो तिथं उभे राहिलो. मी थर्माकोल छातीशी धरून. मुलगी चुलीपाशी. मास्तर दारात. आत्या खुर्चीत, हात मांडीवर. माळवदावर कबूतर चाललं. लांब स्टँडवर एस.टी.नं गिअर बदलला. घागरीवरचं झाकण कुणी हात न लावता किंचित सरकलं असावं, तसा एक बारीक आवाज झाला.

"झालं," पोरगा म्हणाला.

आत्यानं त्याला जवळ बोलावलं. "काय भरून घेतलास, बघू दे."

त्यानं हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवर ठेवले, कानाशी नीट बसवले आणि बटण दाबलं. तिनं डोळे मिटले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मिनिट संपलं तसा तो हेडफोन काढायला वाकला. आत्यानं डोळे न उघडता त्याचा हात धरला.

"परत लाव," ती म्हणाली.